आरा ओंडक्याकडे न्यायचा, की ओंडका आऱ्याकडे?

आखाजीला, म्हणजे खान्देशातल्या अक्षय्य तृतीयेला, भाचा घरी आला, तो मोबाइलवरचा व्हिडिओ उघडूनच. रुळावर सरकणारा आडवा आरा, एकच माणूस दांडा ढकलतोय, आणि ओंडक्यातून पापडासारखी फळी सुटतेय. "मामा, मशीन पिकअपमागे लावायचं आन् वावरात जायचं. लाकूड तठेच से, ते कसाले लई जानं?" (लाकूड तिथेच आहे, ते कशाला न्यायचं?) म्हणणं चुकीचं नव्हतं. चुकीचं इतकंच होतं की मशीन बुक करायला निघाला तेव्हा त्याने हिशोब फक्त मशीनचा केला होता.

त्याच्यासमोर तीन वाटा होत्या. एक, हा फिरता आरा विकत घ्यायचा. दोन, तालुक्याच्या गावातली एक जुनी परवान्याची आरा गिरणी. मालकाचे गुडघे गेले, मुलगा पुण्याला, म्हणून ती चालवायला मिळण्यासारखी होती. तीन, मोठ्या पट्टीचा चेनसॉ, म्हणजे साखळीची यांत्रिक करवत, त्याला लोखंडी चौकट लावून शेतातच फळ्या पाडायच्या. मी स्वतः बरीच वर्षं एका गिरणीवर माप लिहिलंय. लाकूड कमी आणि लाकडावरून झालेली भांडणं जास्त पाहिलीत. त्यामुळे माझा कल कुठे आहे हे लपवत नाही.

आधी कागद

याला फाटा देऊन पुढे जाताच येत नाही. वनसंरक्षणाच्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 12 डिसेंबर 1996 ला आदेश दिला आणि आरा गिरण्या कडक नजरेखाली आल्या. 2002 पासून नव्या आऱ्याला केंद्रीय उच्चाधिकार समितीची संमती लागू लागली. 2015 मध्ये तो अधिकार राज्यस्तरीय समित्यांकडे आला आणि 2016 मध्ये केंद्राने लाकूड उद्योगांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. मशीनला चाकं आहेत, मग ती गिरणी कशी, हा युक्तिवाद मशीन विकणारा तुमच्यापुढे करील. वनक्षेत्रपालापुढे तो तुम्हाला एकट्याला करावा लागेल. म्हणून मशीनची आगाऊ रक्कम देण्याआधी विभागीय वन कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि उत्तरही लेखीच घ्या. वनहद्दीपासूनचं अंतर हा तिथला कळीचा मुद्दा असतो, आणि रावेर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा या सगळ्या पट्ट्याच्या उशाशी सातपुडा आहे. आज इथे, उद्या तिथे फिरणाऱ्या यंत्राचं अंतर नेमकं कुठून मोजायचं, हेही त्याच अर्जात विचारा.

जुनी गिरणी इथे सरळ पुढे जाते, कारण परवाना तिच्याकडे आधीच आहे. पण परवाना ज्याच्या नावावर, आरा त्याचाच. नुसत्या स्टॅम्पपेपरवर दोघांनी सह्या केल्या म्हणजे नाव बदलत नाही. चालवायला घ्यायची असेल तर वनखात्याची संमती घेऊनच घ्या, आणि आवक-जावक नोंदवही पहिल्या दिवसापासून स्वतः लिहा.

झाडाचा कागद वेगळाच. महाराष्ट्राच्या 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, खैर, अंजन अशी झाडं आहेत; ती स्वतःच्या बांधावरची असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. नंदुरबारकडे धंदा करायचा असेल तर 1969 चा आणखी एक कायदा माहीत हवा: आदिवासी खातेदाराच्या जमिनीवरची झाडं व्यापाऱ्याने परस्पर विकत घ्यायची नसतात, ती विक्री वनखात्यामार्फत होते. धडगाव-अक्कलकुव्यात मशीन घेऊन गेलात आणि "नाना, हे साग देऊन टाका" म्हणालात, तर अडचणीत नानाही येतील आणि तुम्हीही.

मशीन म्हणून पाहिलं तर

फिरत्या आऱ्याची जाहिरात लाकूड वाचवण्यावर चालते. त्याचं पातं पातळ, दीड-दोन बोटं रुंद, आणि एका कापात साधारण अडीच मिलिमीटर लाकडाचा भुसा होतो. गोल पात्याच्या जुन्या आऱ्यावर तेच सहा-सातवर जातं, आणि चेनसॉवर आठ-नऊवर. दहा काप घेतले तर फिरत्या आऱ्यावर एक इंच गेला, चेनसॉवर साडेतीन इंच. म्हणजे इंची फळ्या पाडायच्या असतील तर दोन फळ्या सरळ भुशात. सागाच्या बाबतीत हे परवडणारं नाही. चेनसॉवर साग फाडणाऱ्याला आमच्या जुन्या मालकाने गिरणीच्या आवारात उभं केलं नसतं.

पण तुलना जुन्या गिरणीशी करायची असेल तर हा मुद्दा जवळजवळ गळून पडतो. आपल्याकडच्या बहुतेक गिरण्यांत उभा पट्ट्याचा आरा आणि ढकलायची ट्रॉली असते. त्याचं पातं रुंद, काप तीन मिलिमीटरच्या आसपास. फरक राहिला अर्ध्या मिलिमीटरचा. उलट रुंद पातं कठीण लाकडात सरळ चालतं. पातळ पातं गाठीवर आलं की लाटेसारखं वरखाली होतं आणि फळी एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ निघते. खान्देशात हे किरकोळ नाही. आपल्याकडे अंजन आहे, ओलं असताना पाण्यात टाकलं तर तळाला जाणारं. वाळलेल्या अंजनावर पातळ पात्याची धार बघता बघता मरते. वाळकी बाभूळही फार मागे नाही. फिरत्या आऱ्यावर दिवसाला चार-पाच पाती धार लावून सोबत हवीत, आणि संध्याकाळी दातांना फाक देऊन (ते आलटून-पालटून बाहेर वाकवून) धार लावणारा माणूस हवा. तो माणूस तुम्हीच असाल तर उत्तम. नसाल तर पाती तालुक्याला पाठवण्यात एक दिवस जातो, आणि तेवढा वेळ मशीन दुसऱ्याच्या बांधावर उभं राहतं.

शेत कोणतं, महिना कोणता

जूनपासून ऑक्टोबरपर्यंत काळ्या जमिनीत मशीन शिरत नाही. शिरलं तरी निघत नाही. रूळ एका पातळीत नसतील तर फळीला पीळ पडतो, आणि भिजलेल्या काळ्या मातीवर सकाळी लावलेली पातळी दुपारी तीच नसते. नोव्हेंबर ते जानेवारी कापूस वेचणी. मजूर मिळत नाही आणि उभ्या पिकातून ट्रॅक्टर कोणी जाऊ देत नाही. रावेर-सावदा-फैजपूर पट्ट्यात तर केळी बारमाही उभी. राहिले फेब्रुवारी ते मे. त्यातला मे म्हणजे भुसावळचं ऊन. सकाळी सहा ते अकरा, मग संध्याकाळी दोन तास. वर्षभराचा हप्ता या चार महिन्यांत काढायचा आहे, हे कॅलेंडर समोर ठेवून मोजा. भाच्याने वर्षाचे तीनशे दिवस धरले होते. मी त्यातले दोनशे खोडले तेव्हा तो रुसला.

गिरणी पावसाळ्यातही चालते. पत्रा आहे, सिमेंटचा तळ आहे, तीन फेजची औद्योगिक वीज आहे. (शेतीच्या कनेक्शनवर आरा लावायचा सल्ला देणारे भेटतील. ऐकू नका, तो वापर बेकायदा आहे.) वीज गेली की गिरणी मात्र बसते, तेव्हा डिझेल इंजिनवरचा फिरता आरेवाला हसतो. तेवढा त्याचा हक्कच.

माप कशावर धरायचं

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि व्हिडिओत तो कधी नसतो.

आपल्याकडे गोल लाकूड चौथाईने मोजतात. गोलाईचा चौथा हिस्सा, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. अठ्ठेचाळीस इंच गोलाई आणि आठ फूट लांबी असेल तर चौथाई बारा इंच, म्हणजे बरोबर आठ घनफूट. खरं आकारमान मात्र दहाच्या थोडं वर भरतं. मधले दोन घनफूट सालीत, भुशात, सालपटांत (कडेच्या साल लागलेल्या फळकुटांत) जातील हे त्या मापाने आधीच गृहीत धरलेलं आहे. गिरणीवर हे सगळ्यांना पाठ असतं. सुतार, गिरणीवाला, शेतकरी तिघंही टेप धरतात, एकमेकांवर संशय घेतात आणि शेवटी मान्य करतात.

शेतात ही सवय नाही. तिथे शेतकरी विचारतो, "फळीचे किती घ्याल?" तुम्ही निघालेल्या फळीवर दर सांगितला आणि समोर बाभूळ आली, तर मेलात. बाभूळ चार-पाच फूट सरळ, मग कोपर, मग फाटा. प्रत्येक तुकडा उचला, बसवा, आवळा, दोन काप घ्या, फिरवा. वेळ आठ फुटी सरळ ओंडक्याएवढाच, निघालेलं लाकूड पावपट. ओंडक्यावर दर सांगितला तर शेतकऱ्याला वाटतं, सालपटाचे पैसे आपण का द्यायचे? माझं मत असं: फिरत्या आऱ्याने तासावर मजुरी घ्यावी, खिळ्याने पातं गेलं तर पात्याची किंमत वेगळी, आणि हे मशीन उतरवण्याआधी बोलून घ्यावं. भुसा आणि सालपटं कोणाची, हेही तेव्हाच. सालपटं चुलीला जातात. त्यावरून झालेली एक मारामारी मी सोडवली आहे.

आणि शेतकऱ्याचा दुसरा पर्याय विसरू नका. त्याला फळी पाडायचीच असते असं नाही. जळाऊ लाकडाचा व्यापारी उभं झाड बघतो, उक्ती रक्कम सांगतो आणि दोन दिवसांत बांध मोकळा करून जातो. तुमचा स्पर्धक गिरणी नाही, तो आहे.

मग फिरत्या आऱ्याला काम कोणतं?

भाच्याचं म्हणणं होतं, धाब्याची घरं. गावोगावी माळवदाची जुनी घरं उतरतायत, सागाचे खांब, तुळया, कड्या निघतायत. खरं आहे, आणि तो सागही पिकलेला, न वाकणारा. पण तुळई हलकी, सरळ, चार माणसांनी ट्रॉलीत टाकावी अशी. ती गिरणीवर नेण्यात अडचण काय? अडचण मशीन गल्लीत आणण्यात आहे. शिवाय प्रत्येक तुळईत खिळे, खुंट्या, कधी दाराची तुटलेली कोयंडी. धातुशोधक फिरवल्याशिवाय पात्याला हात लावायचा नाही. हे काम जागेवरच्या गिरणीचं.

दुसरं टोक बघा. बांधावरचा जुना आंबा, चिंच. बुंध्याची गोलाई नऊ-दहा फूट म्हणजे व्यास तीन फूट. तो हलवणं कठीण, म्हणून मशीनने तिथे जावं असं वाटतं. पण छोट्या फिरत्या आऱ्यात दोन-सव्वादोन फुटांपेक्षा जाड ओंडका बसतच नाही. तिथे लागतो लांब पट्टीचा चेनसॉ. उभे दोन-चार भाग करायचे, मग उचलायचे.

म्हणजे फिरत्या आऱ्याची खरी जागा मधली. दीड-दोन फूट व्यास, बऱ्यापैकी सरळ, रस्त्यापासून दूर, आणि एका जागी भरपूर. निंब, महारुख, शिरीष, बांधावरच्या रांगेतली निलगिरी. साठ इंच गोलाईचा, दहा फुटी ओला, जड लाकडाचा ओंडका साडेपाचशे-सहाशे किलो भरतो. असे वीस एका वावरात पडले असतील तर मशीन नेणं शहाणपणाचं. तीन असतील तर ट्रॅक्टरने ओंडकेच आणा. वीस ओंडक्यांचं वावर तुमच्या पंचक्रोशीत वर्षात किती वेळा निघतं, हे चार लाकूडतोड्यांना चहा पाजून विचारा.

निलगिरी कापायचीच असेल तर एक सांगतो. ती ताजी असताना कापा, फळ्या लगेच पट्ट्या घालून सावलीत रचा, वर वजन ठेवा. आपल्या कोरड्या वाऱ्यात टोकं तडकायला एक दुपार पुरते. टोकांना शेण किंवा जुना रंग फासायचा. फिरत्या आऱ्याचं गिऱ्हाईक फळ्या उन्हात टाकतं आणि महिन्याने फोन करतं की तुमच्या मशीनने लाकूड वाकडं कापलं.

भाच्याला काय सांगितलं

हाताशी परवाना नसेल तर फिरता आरा घेऊ नको. परवान्याची गिरणी मिळतेय तर आधी एक वर्ष तीच चालव. तिथे धार लावायला शीक, कारण फिरत्या आऱ्याचा नफा तोट्यात जातो तो धारेवरूनच. सोबत चेनसॉ घे; जाड बुंधे शेतात चिरून ट्रॉलीत बसतील एवढे करण्यापुरता, फळ्या पाडायला नाही. डोळ्याला चष्मा आणि कानाला बोळे त्याच बिलात घे. वर्षभर नोंदवहीत एक जादा रकाना ठेव: हा ओंडका आणायला वाहतूक आणि हमाली किती पडली. त्या रकान्याची बेरीज फिरत्या आऱ्याच्या हप्त्यापेक्षा जास्त निघाली, तर घे मशीन, मी जामीन राहतो. उलट कोणाकडे स्वतःची पाच-दहा एकर वनशेती असेल, झाडं एकाच मापाची असतील आणि वनखात्याचं लेखी उत्तर खिशात असेल, तर त्याने माझं ऐकू नये. त्याला फिरता आराच बरा.

भाचा आठ दिवस बोलला नाही. मग गिरणीच्या मालकाशी करायच्या कराराचा मसुदा व्हॉट्सॲपवर पाठवला. भाडं आहे, वीजबिल आहे, पट्ट्याची दुरुस्ती कोणाकडे तेही आहे. वनखात्याच्या संमतीची ओळ त्याने स्वतःहून टाकली होती. भुसा आणि सालपटं कोणाची, ते नव्हतं. लिहून घे म्हणून परत पाठवलाय.