धुऊन, पुसून आणि गरम करून ठेवलेली एक्सपल्स

गाडी बघायला गेलो तेव्हा तिचं इंजिन गरम होतं. तेवढी एक गोष्ट मी मनावर घ्यायला हवी होती.

सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर फिरायला हीरोची एक्सपल्स 200 ही मोटारसायकल खूप जण जुन्या बाजारात शोधतात. पुढचं चाक 21 इंची, मागचं 18, जमिनीपासून 220 मिलिमीटर उंची. दगडधोंड्यांत न अडकणारी गाडी आपल्या बजेटमध्ये हीच बसते. मीही तशीच शोधली आणि फसलो. दुसऱ्या कुणाचे कष्टाचे पैसे असे जाऊ नयेत, म्हणून झालं ते सगळं सांगतो.

गाडी 2020 ची, बीएस 6 म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांतली. मालक साताऱ्याकडचा. फोनवर म्हणाला, "सिंगल हँड आहे दादा, ऑफिसला जायला-यायलाच वापरली." मीटरवर 11,400 किलोमीटर. पुण्याहून पोचेपर्यंत संध्याकाळचे सहा वाजून गेले. गाडी दारात धुऊन उभी, प्लॅस्टिकला पॉलिश मारलेलं. "आत्ताच पेट्रोल टाकून आणली," म्हणत त्याने बटण दाबलं. एका सेल्फला सुरू झाली. गल्लीतून एक चक्कर मारली आणि 95 हजारांना सौदा ठरवला. दहा हजार बयाणा तिथल्या तिथे, बाकीचे दुसऱ्या दिवशी.

आठवडाभरात खरं रूप दिसलं. सकाळी थंड गाडी सेल्फ मारमारूनही उठेना. उठली की सायलेन्सरमधून निळसर धूर, आणि कात्रजचा घाट चढताना पिकअपच नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन तापलेलं असलं की असे दोष बरेच झाकले जातात. विकणारा नेमकं तेच करतो: तुम्ही यायच्या आधी अर्धा तास गाडी पळवून ठेवतो.

आमच्या गल्लीतल्या मिस्त्रीकाकांकडे नेली. त्यांनी आधी साइडचं पॅनल काढून एअर फिल्टर बाहेर घेतला. फिल्टर कोरा करकरीत. मला बरं वाटलं. काकांनी मात्र फिल्टरच्या पलीकडे इंजिनकडे जाणाऱ्या रबरी पाइपात बोट घातलं, आतून फिरवलं आणि बाहेर काढून माझ्यासमोर धरलं. बोटावर तांबड्या मातीचा थर, पिठासारखा बारीक. "फिल्टर काल बदललाय रे. माती आधीच आत गेलीय," म्हणाले. ही धूळ हवेबरोबर सिलिंडरमध्ये जाते आणि पॉलिश पेपरसारखी पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची आतली भिंत, म्हणजे बोअर, घासत राहते. इंजिन खोललं तर बोअरवर उभ्या रेघा, नखाला लागतील एवढ्या. ऑइल काढलं तर दुधाच्या चहासारखं. या इंजिनाला पाण्याचा रेडिएटर नाही. म्हणजे पाणी बाहेरूनच आलं असणार. गाडी कधीतरी ओढ्यात बुडाली असावी.

पुढे एकेक निघत गेलं. पुढच्या शॉकअपच्या दांडीवर दगडाचा टवका उडालेला होता, तो भरून घासून गुळगुळीत केला होता. धुतल्यामुळे सीलमधून झिरपणाऱ्या ऑइलचा मागमूस नव्हता. हँडल मधोमध आलं की खाच लागल्यासारखं अडायचं, म्हणजे कोनसेट, हँडलचं बेअरिंग, गेलेला. आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते हँडलच्या स्टॉपरचं. हँडल पूर्ण वळवल्यावर चेसिसवरच्या ज्या टोकाला टेकतं, ते टोक तुटून वेल्डिंग केलेलं, वर काळा रंग. गाडी समोरून जोरात आपटल्याशिवाय ते सहसा तुटत नाही. पेट्रोलची टाकी, हेडलाइट, सगळं नवं टाकता येतं, पण हे टोक कुणी बघत नाही, म्हणून विकणारा त्याच्यावर फार मेहनत घेत नाही. तुम्ही मात्र टॉर्च लावून आधी तेच बघा. इंजिनाखालचा पत्राही काढायला लावा; त्याच्या आत केसिंगला आणि चेसिसच्या नळ्यांना दगड लागलेले दिसतात.

मीटरचं तर विचारूच नका. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडीचा नंबर दिला, तर वर्षभर आधीच्या सर्व्हिसला 23 हजार किलोमीटरची नोंद. अख्खं मीटरच बदललेलं. ही चौकशी पैसे द्यायच्या आधी एका फोनवर करता आली असती.

बाकीचं गाडीपाशी दोन मिनिटांत कळतं. मागचं चाक धरून आडवं हलवा, चिमट्यात, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांत, खेळ असेल तर हाताला जाणवतो. मागच्या चक्रावरून चेन बोटाने मागे ओढा, दात उघडे पडले तर चेनसेट संपलाय. पान्याने एकेक स्पोक वाजवा, सैल स्पोक बद्द वाजतो. या तिन्ही गोष्टी माझ्या गाडीत खराब होत्या.

कागदांतही एक गोष्ट निघाली. आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा होता. कर्ज फिटलं होतं, पण तो उतरवला नव्हता. बोजा उतरवायचा फॉर्म 35 आणि फायनान्स कंपनीची एनओसी यांसाठी दोन महिने मागे लागावं लागलं, तोवर गाडी नावावर होईना. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या मिळाल्या म्हणजे झालं, असं समजू नका. बोजा आणि ई-चलन आधी ऑनलाइन तपासा. मालकाला इंजिनाबद्दल फोन केला तेव्हा "तुम्ही चालवून बघूनच घेतली ना?" म्हणाला आणि नंबर ब्लॉक केला. लेखी काहीच नव्हतं, चॅटवर मीटरचा फोटो तेवढा. बोअर, पिस्टन, रिंगा, हेडचं काम, शॉकअप, कोनसेट, चेनसेट मिळून 36 हजार गेले.

गेल्या महिन्यात मावसभावासाठी तशीच गाडी बघायची होती. या वेळी मिस्त्रीकाकांना 700 रुपये देऊन बरोबर घ्यायचं ठरवलं. त्या गाडीच्या मालकाला आदल्या रात्री फोन करून नीट सांगितलं, "सकाळी आठला येतो. तोवर गाडी सुरू करू नका आणि धुऊही नका, आहे तशी राहू द्या." पलीकडे थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग तो म्हणाला, "मग राहू द्या, दुसरं गिऱ्हाईक आहे." आम्ही गेलो नाही.