साइटवरच्या मायटर सॉसाठी स्टँड: डिवॉल्टचा लांब घ्यावा की आखूड?

फ्लॅटच्या आतले सुतारकाम करणाऱ्या बऱ्याच मिस्त्रींकडे आता मायटर सॉ, म्हणजे पट्टी हव्या त्या कोनात कापणारे मशीन, असतो, पण तो कशावर ठेवायचा याचा विचार क्वचितच होतो. मशीन जमिनीवर ठेवायचे, दोन्ही बाजूंना प्लायचे तुकडे एकावर एक रचून पट्टीला टेकू द्यायचा आणि उकिडवे बसून कापायचे, ही आपल्याकडची रुळलेली पद्धत. तिला नावे ठेवण्याआधी तिच्यात बरोबर काय आहे ते पाहावे, कारण स्टँड निवडताना नेमकी तीच गोष्ट तपासायची असते. त्या प्लायच्या तुकड्यांमुळे लांब पट्टी मशीनच्या मेजाच्या पातळीत राहते. मशीन उचलून धरायला कोणतेही मजबूत टेबल चालेल. स्टँडला पैसे मोजायचे ते पट्टी सरळ धरण्यासाठी.

हे किती महत्त्वाचे आहे याचा हिशेब अगदी साधा आहे. समजा 100 मिलिमीटर उंचीची स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची पट्टी) फेन्सला, म्हणजे मेजावरच्या उभ्या आधाराला, टेकवून उभी धरली आहे आणि मेजाच्या पलीकडच्या कडेपासून 1 मीटरवर असलेला टेकू 5 मिलिमीटर, म्हणजे दीड सुताहून थोडा अधिक, वर राहिला आहे. पट्टी मेजावरून एका बाजूने उचलली जाते आणि 45 अंशांचा काप पायथ्याच्या तुलनेत माथ्याशी अर्धा मिलिमीटर सरकतो. कोपऱ्याला येणारी दुसरी पट्टीही तशीच कापली गेली असेल, तर खाली मिळालेला सांधा वर सुमारे 0.7 मिलिमीटर उघडा दिसतो. मग मिस्त्री मशीनच्या कोनाला दोष देतो, अंशांची पट्टी पुन्हा पुन्हा जुळवतो, आणि अखेरीस भुसा व फेव्हिकॉल कालवून ती फट बुजवली जाते. पॉलिशच्या कामात अशी फट लपत नाही.

आम्ही पुण्यात इंटिरियरची कामे घेतो आणि साइटवर डिवॉल्ट कंपनीचा डीडब्ल्यूएक्स 723 हा घडीचा स्टँड वापरतो. त्याचा मधला ॲल्युमिनियमचा दांडा 60 इंच, म्हणजे सुमारे 1.52 मीटर लांब आहे. पट्टीचे टेकू असलेले दोन्ही टोकांचे सरकते हात पूर्ण बाहेर काढले की एकूण लांबी 151 इंच, म्हणजे 3.8 मीटरच्या पुढे जाते, आणि 16 फुटी माल त्यावर पेलतो असे कंपनी सांगते. वजन 35 पौंड, म्हणजे 16 किलोच्या आत आहे. भार पेलण्याची क्षमता 500 पौंड, म्हणजे सुमारे 227 किलो दिलेली आहे. विक्रेते याच शेवटच्या आकड्यावर सर्वांत जास्त बोलतात, पण निवडीच्या दृष्टीने त्याचा उपयोग थोडाच आहे. मकिताचा जुना, न सरकणारा, 10 इंची ब्लेडचा एलएस 1040 सुमारे 11 किलोचा आहे, डिवॉल्टचा 12 इंची सरकता डीडब्ल्यूएस 780 साधारण 25 किलोचा आणि बॉशचा जीसीएम 12 जीडीएल 32 किलोच्या आसपास भरतो. यांपैकी कोणतेही मशीन ठेवले तरी ती क्षमता बरीचशी वापराविना राहते. दुकानात पाहायचे असेल तर हात पूर्ण बाहेर काढून त्याच्या टोकाला तळहाताने दाबून पाहावे. किती लवतो आणि खिट्टी आवळल्यावर बाजूला हलतो का, एवढ्यावरून बरेच कळते.

याच स्टँडचे आखूड भावंड डीडब्ल्यूएक्स 724 आहे. त्याचा दांडा 40 इंची, म्हणजे साधारण 1 मीटरचा असून भार पेलण्याची क्षमता तेवढीच आहे, वजन 2 ते 3 किलोंनी कमी आहे आणि 10 फुटांपर्यंतचा माल त्यावर धरता येतो. आपल्याकडच्या कामाचे स्वरूप पाहिले तर पुष्कळांना हा आखूड स्टँडच पुरेसा आहे, असे माझे मत झाले आहे. वॉर्डरोबच्या फ्रेमपट्ट्या, स्कर्टिंग आणि आर्किट्रेव्ह (चौकटीभोवतीची पट्टी) हा बहुतेक माल प्लाय, एमडीएफ किंवा एचडीएचएमआर (ओल सोसणारा दाट बोर्ड) यांच्या 8 बाय 4 फुटी शीटमधून चिरलेला असतो, आणि अशी पट्टी 2.44 मीटरपेक्षा लांब असूच शकत नाही. दाराच्या चौकटीचे उभे लाकूडही साधारण 7 फुटी असते. लांब दांड्याची खरी गरज पडते ती पाइनवुडच्या 10-12 फुटी पट्ट्यांचे छत, पर्गोला, डेक किंवा जुन्या वाड्याच्या दुरुस्तीतील सागवानी कामात. असे काम वर्षातून एखादे येत असेल, तर त्या वेळी टोकाला एक घोडी, म्हणजे पायांचा सुटा आधार, लावून भागते. आखूड स्टँड रिक्षात मावतो. लांबासाठी छोटा हत्ती किंवा गाडीवरचा कॅरियर लागतो, आणि जुन्या इमारतींच्या अरुंद जिन्याच्या वळणावर तो दर वेळी उभा करून फिरवावा लागतो.

चाकांच्या स्टँडबद्दल विचारणा पुष्कळ होते, म्हणून तेही थोडक्यात सांगतो. मशीन वर बसवलेलेच ठेवून ट्रॉलीसारखा ओढत न्यायचा आणि जागेवर उभा करायचा, असे डिवॉल्ट आणि बॉश या दोघांचेही स्टँड आहेत. सपाट काँक्रीटवरून दररोज गाडीपर्यंत ने-आण करणाऱ्या परदेशी सुताराला ते सोयीचे आहेत. मशीनसकट हे वजन 50 किलोंच्या पुढे जाते, आणि लिफ्ट बंद असलेल्या इमारतीत ते तिसऱ्या मजल्यावर चढवायची वेळ आली की चाकांचा काही उपयोग राहत नाही. बंगल्याच्या किंवा मोठ्या व्यापारी कामात, जिथे तळमजल्यावरच सगळा कारखाना मांडलेला असतो, तिथे ते जरूर घ्यावेत.

आता वापराकडे येतो. मशीन स्टँडवर थेट बसत नाही; त्याच्या तळाच्या भोकांतून दोन ब्रॅकेट बोल्टने आवळायचे असतात आणि ते ब्रॅकेट दांड्यावर अडकवून खटका दाबायचा असतो. बोल्ट आवळताना मशीनचा तळ दोन्ही ब्रॅकेटवर पूर्ण टेकला आहे ना हे पाहावे, कारण ब्रॅकेट एकमेकांना समांतर नसतील तर तळाला पीळ बसतो आणि खटका नीट अडकत नाही. एकदा बसवलेले ब्रॅकेट पुन्हा काढू नयेत; ने-आण करताना मशीन ब्रॅकेटसकट उचलावे. पाय उघडताना प्रत्येक पायाची खिट्टी भोकात बसल्याचा आवाज ऐकावा आणि मशीन चढवण्यापूर्वी दांडा दोन्ही हातांनी हलवून पाहावा. मशीन अडकवल्यानंतर, ब्लेड बंद असतानाच, ते एकदा वर उचलण्याचा प्रयत्न करावा. सरकत्या मशीनचे डोके पुढे ओढले की 25-30 किलोंच्या यंत्राचा तोल कापणाऱ्याच्या दिशेने येतो, त्यामुळे पाय पूर्ण फाकलेले असणे इथे फार गरजेचे आहे. जमीन उंचसखल असेल तर पायाखाली लॅमिनेटचे तुकडे सरकवण्यापेक्षा सगळ्या स्टँडखाली एक प्लाय टाकून तो पाणसळीत आणणे बरे पडते. नव्या टाइल्सनाही त्याने संरक्षण मिळते.

टेकूची उंची जुळवण्यासाठी पाणसळीवर विसंबू नये. मेज आणि टेकू एकमेकांच्या पातळीत असले की झाले. ते दोन्ही जमिनीशी समांतर असलेच पाहिजेत असे नाही. 6 फुटी ॲल्युमिनियमची सरळ पट्टी मेजावर ठेवून ती टेकूपर्यंत न्यावी, खालून बॅटरीचा उजेड पाडावा आणि फट दिसेनाशी होईपर्यंत टेकू वर-खाली करून आवळावा. मशीन दांड्यावर सरकवले किंवा दुसरे चढवले की हे पुन्हा करावे लागते, आणि कंटाळा करण्यासारखे काम नेमके हेच आहे. मिस्त्री बदलला की पहिल्यांदा गळते ते हेच, म्हणून आम्ही ती सरळ पट्टी स्टँडलाच बांधून ठेवतो.

एकाच मापाचे अनेक तुकडे कापायचे असतील तर टेकूवरचा स्टॉपर हे या स्टँडचे सर्वांत उपयोगी अंग आहे. शटरच्या पट्ट्या किंवा सीलिंगची बॅटन दर वेळी टेपने मोजून खूण करण्याऐवजी स्टॉपरला टेकवून कापली की माप सारखे येते आणि वेळही वाचतो. इथे दोन गोष्टी सांभाळाव्यात. स्टॉपरपाशी भुसा साठतो आणि हळूहळू प्रत्येक तुकडा थोडा आखूड होत जातो, त्यामुळे अधूनमधून ब्रशने ती जागा झाडावी. दुसरी गोष्ट सुरक्षिततेची आहे. हाताने धरलेला तुकडा ज्या बाजूला असेल त्याच बाजूला स्टॉपर असावा आणि पलीकडचा तुकडा मोकळा राहावा. सुटा तुकडा ब्लेड आणि स्टॉपर यांच्या मध्ये अडकला तर तो उसळून अंगावर येऊ शकतो. काप पूर्ण झाल्यावर ब्लेड थांबेपर्यंत डोके वर उचलू नये, हेही त्याच कारणासाठी.

जड मालाच्या बाबतीत मात्र पूर्ण बाहेर काढलेल्या हातावर फार विश्वास ठेवू नये. 4 बाय 3 इंची, 7 फुटी सागवानाचे वजन 10-11 किलो भरते; असे लाकूड एका बाजूला लांब सोडून ठेवले आणि पहिला तुकडा कापून वेगळा झाला की तोल एकदम बदलतो. चौकटीच्या कामात आम्ही टोकाला माणूस किंवा घोडी ठेवतोच.

यावर नेहमीचा प्रश्न असा येतो की एवढे पैसे घालण्यापेक्षा फॅब्रिकेटरकडून लोखंडी स्टँड का बनवून घेऊ नये. 25 मिलिमीटरचा चौकोनी, 2 मिलिमीटर जाडीचा पाइप मीटरला सुमारे 1.4 किलो भरतो आणि चार पाय, आडव्या पट्ट्या व दोन्ही बाजूंचे हात मिळून 12 मीटर पाइप सहज लागतो. म्हणजे प्लाय आणि बोल्ट धरण्यापूर्वीच वजन 17 किलो झाले. तो ॲल्युमिनियमच्या स्टँडइतका चटकन घडी होत नाही आणि वेल्डिंगच्या उष्णतेने पाइप वाकला तर दोन्ही हात एका रेषेत आणणे कठीण जाते. असे असले तरी एकाच साइटवर पाच-सहा महिने मुक्काम असेल, तर मी कंपनीचा स्टँड घेण्याचा आग्रह धरणार नाही. अशा ठिकाणी दोन घोड्यांवर 18 मिलिमीटर प्लायचे लांब टेबल बांधून, मधल्या खाचेत मशीन बसवून दोन्ही बाजूंचे पंख मेजाच्या पातळीत आणले, तर पट्टीला सलग आधार मिळतो, आणि तो कोणत्याही दोन टेकूंपेक्षा चांगला असतो. घडीचा स्टँड त्याचे पैसे वसूल करतो ते दर आठवड्या-पंधरवड्याला जागा बदलणाऱ्या कामात.

देखभाल फारशी नाही. ॲल्युमिनियमला गंज चढत नसला तरी खिट्ट्या, स्प्रिंग आणि बोल्ट लोखंडी असतात, आणि ओला भुसा त्यांच्यावर बसून राहिला की पावसाळ्यानंतर खटके जड होतात. म्हणून सायंकाळी ब्लोअर मारून मगच घडी करावी. सरकत्या हातांवर तेल लावू नये, कारण त्यावर भुसा चिकटून हात अडकतात. खरेदी करतानाच ब्रॅकेटची एक जादा जोडी मिळते का ते विचारावे. दुसऱ्या मशीनला ती कायमची लावून ठेवली की एकाच स्टँडवर दोन्ही मशीन आलटून पालटून चालवता येतात.