आयर्लंडसाठी दोन वाटा: जाऊन बघणं की साक्षीला बोलावणं?

१९२० साली आयर्लंडमध्ये ब्लॅक अँड टॅन्सचा, म्हणजे स्वातंत्र्याची चळवळ चिरडायला ब्रिटिशांनी पाठवलेल्या जादा पोलिसांचा, धुमाकूळ चालू होता. तेव्हा शांततावादी बायकांनी दोन रस्ते धरले.

एक होता ब्रिटनमधल्या ‘विमेन्स इंटरनॅशनल लीग’चा. ऑक्टोबरमध्ये त्यांचं शिष्टमंडळ थेट आयर्लंडला गेलं आणि परतल्यावर त्यांनी मागणी केली: सैन्य मागे घ्या, कैदी सोडा, आयरिश लोकांना स्वतःचा निर्णय घेऊ द्या. आपल्याच सरकारला घरात बसून जाब विचारायचा, म्हणजे देशद्रोहाचा ठपका ठरलेलाच!

दुसरा रस्ता वॉशिंग्टनचा. तिथल्या अनौपचारिक चौकशी आयोगात अमेरिकन शांततावादी जेन ॲडम्स होत्या. नोव्हेंबरपासून जाहीर सुनावण्या झाल्या. डिसेंबरमध्ये मेरी आणि म्युरियल मॅकस्विनी साक्षीला आल्या: कॉर्कच्या महापौरांची बहीण आणि विधवा. हे महापौर, टेरेन्स मॅकस्विनी, ७४ दिवसांच्या उपोषणानंतर २५ ऑक्टोबरला लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात वारले होते, म्हणजे दुःख अजून ताजंच होतं. अशा साक्षीपुढे कुठला अहवाल टिकणार? बातम्यांच्या दृष्टीनं वॉशिंग्टन सरस, यात वाद नाही. पण ब्रिटिश सरकार तिथं फिरकलंच नाही, त्यामुळे एकतर्फीपणाचा आरोप आयताच मिळाला.

माझा कल तरी पहिल्या वाटेकडे. त्यातही गंमत अशी, की मँचेस्टरच्या एलेन विल्किन्सन आणि ॲनॉट रॉबिन्सन आयर्लंड पाहून थेट वॉशिंग्टनला साक्षीला गेल्या. ब्रिटिश बायका ब्रिटिश सरकारविरुद्ध बोलतायत म्हटल्यावर एकतर्फीपणाचा आरोप बराच बोथट झाला.