आरसिंक: बरेच महिने रोज वापरून झाल्यावर काय वाटतं

आमचं काम अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेल आणि चादरीच्या जेकार्ड (विणतानाच उठणाऱ्या नक्षीच्या) डिझाइनचं. ऑफिसात तीन लिनक्स मशीन, एक जुना डबा (कॉम्प्युटर) बॅकअपला, आणि एक मशीन घरी जुळे सोलापूरला. दिवसभर डिझाइनच्या बीएमपी चित्रफायली, सॅम्पलचे फोटो, रंगाचे चार्ट इकडून तिकडे. आधी सगळं लिनक्सच्या साध्या कॉपी कमांडवर चालायचं, मशीनच्या आत सीपी आणि नेटवर्कवरून एससीपी, उन्हाळ्यापासून आरसिंक या फायली कॉपी आणि बॅकअप करणाऱ्या कमांडवर आणलं, आता दिवाळी होऊन गेली म्हणजे बोलायला हरकत नाही.

पहिलं सांगतो, स्पीडसाठी घेणार असाल तर नका घेऊ. एकाच मशीनवर एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर पहिल्यांदा कॉपी करायची तर सीपी डॅश ए (तारखा, परमिशनसकट सगळं जसंच्या तसं) तेवढंच फास्ट, बऱ्याचदा जास्तच. लोक सांगतात की आरसिंक फक्त बदललेला तुकडा पाठवतं, ते खरंय पण नेटवर्कवर. लोकल कॉपीत ते डिफॉल्टने पूर्ण फाइलच लिहितं, कारण तुकडे जुळवायला दोन्ही बाजू वाचत बसण्यापेक्षा सरळ लिहिलेलं परवडतं.

मग घ्यायचं कशाला, तर लाइटसाठी. आमच्याकडे लाइट कधी जाईल नेम नाही आणि बॅकअपच्या डब्याला यूपीएस नाही. सीपी चालू असताना लाइट गेली की अर्धी फाइल खऱ्या नावानेच पडून राहते. बरं परत सीपी डॅश यू (फक्त नव्या फायली कॉपी कर) मारलं तर ते फक्त तारीख बघतं, अर्धवट फाइलची तारीख आत्ताची म्हणजे मूळ फाइलपेक्षा नवी, म्हणून ते तिला हातच लावत नाही आणि तुम्ही समजता झालं काम. अशी फाइल लूमपर्यंत गेली तर काय होईल ते इथल्या माणसाला सांगायला नको. आरसिंक आधी टिंब लावलेल्या लपलेल्या नावाने लिहितं, पूर्ण झालं की मगच खरं नाव देतं, आणि पुढच्या वेळी साइज आणि तारीख दोन्ही बघतं. म्हणजे लाइट आली की तीच कमांड वर बाण दाबून परत मारायची, बास. फक्त एक, नुसतं पार्शियल (अर्धी गेलेली फाइल ठेवून द्यायचा पर्याय) लावलं तर मधेच थांबवलेली अर्धी फाइल खऱ्या नावाने राहते, म्हणून पार्शियल-डिर वापरा, तुकडा वेगळ्या फोल्डरात पडतो.

घरच्या मशीनला मात्र तुकड्यांचा खेळ लई भारी. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मधे हे काढलं, पलीकडची बाजू आपल्या जुन्या फाइलचे ठोकळे करून त्यांचे चेकसम (ठोकळ्यातल्या मजकुरावरून काढलेले ताळ्याचे आकडे) पाठवते आणि अलीकडची त्यात न जुळणारं तेवढंच धाडते. आमच्या बीएमपी कॉम्प्रेस नसतात, मोराच्या एका पिसाचा रंग बदलला तर तेवढेच बाइट बदलतात, त्यामुळे मोठी फाइल चुटकीसरशी जाते. तीच फाइल झिप करून ठेवली की सगळं आतून बदलतं आणि फायदा गेला. डॅश झेडचंही (पाठवताना दाबून लहान करायचा पर्याय) तसंच, बीएमपीला चांगलं, जेपीजी फोटोंना शून्य.

आता डिलीट, म्हणजे मूळ जागी नसलेलं बॅकअपमधूनही काढून टाकायचा पर्याय. स्लॅशचं सगळ्यांना माहीतच असतं, सोर्सच्या मागे स्लॅश असला तर फोल्डरच्या आतलं जातं, नसला तर फोल्डरच जातो. पण डिलीट लावलेली कमांड रात्री क्रॉनमधे (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारा प्रोग्रॅम) टाकली, आणि लाइट जाऊन आल्यावर बाहेरची डिस्क माउंटच झाली नाही, म्हणजे फोल्डरला जोडलीच गेली नाही तर? तो फोल्डर रिकामा दिसतो, आरसिंकला वाटतं मालकाने सगळं काढलं, आणि बॅकअपही साफ. एरर येत नाही, कारण त्याच्या हिशोबाने चुकलेलं काही नाही. म्हणून माझ्या स्क्रिप्टमधे आधी माउंटपॉइंटची तपासणी, आणि मॅक्स-डिलीटला (एका वेळी जास्तीत जास्त किती काढायचं ती मर्यादा) एक आकडा. हाताने मारताना डॅश एन (खरं काही न करता नुसतं दाखव) आणि डॅश आय (काय बदलेल ते सांग) लावून आधी यादी बघायची, घाई असली तरी.

गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हचा ताप वेगळा. एक्सफॅटला (पेनड्राइव्हवर फायली ठेवायची पद्धत) फाइलचा मालक, परमिशन असलं काही कळत नाही, तिथे डॅश ए लावलं की एररची रांग लागते, डॅश आरटी (आतल्या फोल्डरांसकट, तारखा जपून) पुरतं. आणि मराठी नावं! एक्सटी४ (लिनक्सच्या डिस्कवर फायली ठेवायची पद्धत) वर नावाला २५५ बाइटची मर्यादा, देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट, काना मात्रा वेलांटी वेगळी मोजायची, म्हणजे ८५ चिन्हांत खेळ खलास. विंडोजवर तेच नाव आरामात बसतं. गिऱ्हाईक फाइलच्या नावात अख्खी ऑर्डर लिहून आणतं, कुयरी, काठ, रंग, साइज, फायनल, परत फायनल. ती एक फाइल सुटते, बाकीच्या जातात, आणि शेवटी कोड २३ (काही फायली गेल्या नाहीत) येतो. तो वाचायची सवय लावा, वरची टक्केवारी बघून उठू नका.

सिक्युरिटीचं म्हणाल तर जानेवारी २०२५ मधे आरसिंकची ३.४.० आवृत्ती आली, त्यात मोठी भोकं बुजवली, सगळ्यात वाईट डेमनमधलं (मागे सतत चालू ठेवायचा आरसिंकचा सर्व्हर) होतं. मी डेमन चालवतच नाही, एसएसएच या सुरक्षित जोडणीवरनंच, तरी अपडेट मारून घेतलं.

टक्केवारीची एक तक्रार आहेच. इन्फो प्रोग्रेस२ लावलं की एकूण टक्के दिसतात, पण आरसिंक फायलींची यादी कॉपी करता करताच बनवतं, त्यामुळे यादी वाढली की आकडा मागे येतो. आमचा पोरगा ओरडला, "मालक, ऐंशीवरनं साठवर आलं की वो!" नो-आय-आर लावलं की आधी पूर्ण यादी होते आणि आकडा सरळ चढतो, पण मोठ्या फोल्डरला सुरुवातीला बराच वेळ स्क्रीन नुसती गप्प, आणि रॅम जास्त खातं. आमच्या जुन्या डब्याला ते झेपत नाही, त्यामुळे तिथे टक्के मागेपुढे होत राहतात.