‘१००० व्होल्ट’ छापलेल्या बनावट हत्यारांपासून सावध राहा

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आम्ही विद्युत देखभालीची कामे घेतो. त्यासाठी रविवार कारंजा परिसरातील एका दुकानातून पक्कड, कटर आणि स्क्रू ड्रायव्हर असा इन्सुलेटेड, म्हणजे हातापर्यंत वीज पोहोचू न देणारे आवरण असलेल्या हत्यारांचा संच घेतला. मुठींवर लाल आवरण, त्यावर ‘१००० व्होल्ट’ आणि दोन त्रिकोणांची खूण होती, शिवाय किंमतही नामांकित मालाच्या तोडीची होती.

पॅनेलचा पुरवठा बंद ठेवून केबल वाकवत असताना आमच्या वायरमनला पक्कडीची मूठ तळहातात किंचित फिरत असल्याचे जाणवले. आवरण ब्लेडने चिरून पाहिले, तर ती पोलादावर नुसती चढवलेली मऊ प्लास्टिकची नळी निघाली आणि त्रिकोणांची खूण स्पिरिटच्या बोळ्याने पुसली गेली. हीच पक्कड ४१५ व्होल्टच्या चालू लाइनवर वापरली गेली असती, या विचाराने आजही अंगावर काटा येतो.

अशा हत्यारांसाठी आयईसी ६०९०० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार ती १००० व्होल्ट एसी आणि १५०० व्होल्ट डीसीपर्यंतच्या कामासाठी असतात आणि त्यांची चाचणी मात्र १०,००० व्होल्टवर घेतली जाते. अस्सल हत्यारावर त्रिकोणांसोबत उत्पादकाचे नाव किंवा चिन्ह, मॉडेल, उत्पादनाचे वर्ष आणि मानकाचा क्रमांक असतो. आमच्या संचावर त्रिकोण सोडले तर यांपैकी काहीही नव्हते, आणि नकली माल नेमका इथेच उघडा पडतो. अनेक चांगल्या उत्पादनांत आवरणाचे दोन रंगांचे थर असतात, म्हणजे वरचा थर झिजला की आतला रंग दिसतो आणि हत्यार बाद करायचे हे कळते. पकड चांगली बसावी म्हणून प्लास्टिकमध्ये बुडवलेली साधी मूठ म्हणजे इन्सुलेशन नव्हे, हे नव्या मुलांना आवर्जून सांगायला हवे.

दुकानदाराने ‘साहेब, सगळे हेच नेतात’ म्हणत माल परत घेण्यास नकार दिला. बिलावर त्याने फक्त ‘हँड टूल्स’ एवढेच लिहिले होते, त्यामुळे आमची बाजू लंगडी पडली. आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली असून चिरलेली पक्कड पुराव्यासाठी जपून ठेवली आहे. आता कंपनी, मॉडेल आणि मानकाचा क्रमांक बिलावर लिहून दिल्याशिवाय आम्ही पैसे देत नाही. तेवढे लिहायला जो दुकानदार कां-कूं करतो, त्याच्याकडून हत्यार घेऊ नये.