मॅकचा ‘एपीएफएस (केस-सेन्सिटिव्ह)’ पर्याय: कोडसाठी घ्या, मुख्य डिस्कला नको

मॅकची नेहमीची, ॲपलच्या ‘एपीएफएस’ या फॉरमॅटची डिस्क फाइलच्या नावातलं कॅपिटल-स्मॉल जसंच्या तसं जपते, पण फाइल शोधताना तो फरक मानत नाही. त्यामुळे फाइलचं नाव स्मॉल अक्षराने सुरू होत असेल आणि इम्पोर्टमध्ये, म्हणजे कोडमध्ये ती फाइल मागवणाऱ्या ओळीत, कॅपिटल पडलं असेल, तरी सगळं बिनबोभाट चालतं. तोच कोड लिनक्स सर्व्हरवर गेला की बिल्ड (कोडमधून सॉफ्टवेअर तयार करणं) ‘फाइल सापडत नाही’ म्हणून अडतो. ‘केस-सेन्सिटिव्ह’, म्हणजे कॅपिटल-स्मॉलचा भेद मानणारा, हा पर्याय ती चूक तुमच्याच मशीनवर पकडून देतो.

त्यासाठी डिस्क फॉरमॅट करू नका. मॅकच्या डिस्क युटिलिटी ॲपमध्ये कंटेनर (डिस्कवरची सामायिक जागा) निवडा, व्हॉल्यूमचं (त्या जागेतल्या स्वतंत्र कप्प्याचं) ‘प्लस’ दाबा, फॉरमॅटमध्ये हा पर्याय घ्या. पार्टिशन पडत नाही. नवा व्हॉल्यूम कंटेनरमधलीच मोकळी जागा वापरतो.

खरी गोची गिटची, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या टूलची. क्लोन करताना (प्रोजेक्टची प्रत उतरवताना) गिट डिस्क तपासून ‘कोअर डॉट इग्नोअरकेस’ (कॅपिटल-स्मॉलकडे दुर्लक्ष करायचं का) ही सेटिंग ठरवतं. जुनं फोल्डर नव्या व्हॉल्यूमवर नुसतं कॉपी केलं तर ‘ट्रू’ हीच जुनी सेटिंग सोबत येते आणि नावातले बदल गिटच्या नजरेतून सुटतात. ती ‘फॉल्स’ करा किंवा सरळ नव्याने क्लोन करा. लिनक्स कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) सोर्स कोड घेणाऱ्यांना तर हा व्हॉल्यूम हवाच: त्यातल्या नेटफिल्टर या नेटवर्क पॅकेट गाळणाऱ्या भागात डीएससीपीच्या (पॅकेटच्या अग्रक्रमाच्या खुणेच्या) दोन फाइल फक्त कॅपिटल-स्मॉलने वेगळ्या आहेत. साध्या डिस्कवर त्यांतली एकच उरते आणि क्लोन होताच गिट दुसरीत ‘बदल’ दाखवतं.

मुख्य डिस्क मात्र अशी करू नका. अडोबी क्रिएटिव्ह क्लाउड तिथे इन्स्टॉल होत नाही, आणि पस्तावलात तर जागच्या जागी परत फिरता येत नाही. डिस्क पुसावीच लागते. फाइली साध्या डिस्कवर परत नेतानाही जपा, जुळ्या नावांतली एक दुसरीवर लिहिली जाते.

ॲपल मागे पडतं ते इथे: हा निर्णय अख्ख्या व्हॉल्यूमचा. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून एनटीएफएस या विंडोजच्या डिस्क फॉरमॅटवर ‘एफएसयुटिल’ कमांडने एकेका फोल्डरपुरता भेद चालू करता येतो. लिनक्सने कर्नल ५.२ पासून (२०१९) उलटी सोय दिली: एक्स्ट४ हा लिनक्सचा डिस्क फॉरमॅट ‘केसफोल्ड’ पर्यायासह करून रिकाम्या फोल्डरला ‘सीएचॲटर’ कमांडने कॅपिटल एफचा फ्लॅग लावला की तिथे भेद बंद.

भेद न मानणं निरुपद्रवी आहे असंही नाही. २०१४ मध्ये गिटमध्ये सापडलेली सुरक्षेची फट नेमकी हीच होती: गिट स्वतःची माहिती ठेवतं त्या ‘डॉट गिट’ फोल्डरचं नाव कॅपिटलमध्ये लिहून परक्या रेपॉझिटरीला (कोडच्या साठ्याला) मॅक आणि विंडोजवर गिटच्या सेटिंगची फाइल बदलता येत होती.