दिजाँची मंडई : घड्याळ पाळणाऱ्या गिऱ्हाइकासाठी

पूर्व फ्रान्समधील दिजाँ हे बर्गंडी प्रांताचे जुने राजधानीचे शहर पॅरिसहून वेगवान रेल्वेने दीड-पावणेदोन तासांवर आहे. बहुतेक पाहुणे ड्यूकांचा राजवाडा पाहतात, नोत्र-दाम चर्चच्या भिंतीवरील झिजून गुळगुळीत झालेल्या दगडी घुबडाला रिवाजाप्रमाणे डावा हात लावतात आणि द्राक्षमळ्यांकडे निघून जातात. स्वयंपाकघर असलेली जागा भाड्याने घेऊन राहणाऱ्याचा संबंध मात्र रोजच्या दिजाँशी येतो, आणि त्याचे केंद्र आहे ‘ले आल’ ही लोखंडी मंडई. हे परीक्षण प्रामुख्याने तिचेच आहे.

मंडईची इमारत १८७३ ते १८७५ या काळात उभी राहिली. गुस्ताव्ह आयफेलचा जन्म १८३२ साली याच गावात झाल्यामुळे ही वास्तूही हौसेने त्याच्या खात्यावर टाकली जाते. त्याने एक आराखडा दिला होता हे खरे, परंतु बांधला गेला तो नगरपालिकेच्या अभियंत्याचा. उंच छप्पर, बिडाचे खांब आणि वरून येणारा उजेड यांमुळे भर गर्दीतही आत कोंदट वाटत नाही. बाजार मंगळवारी, गुरुवारी, शुक्रवारी आणि शनिवारी भरतो, तोही फक्त सकाळी. गुरुवार वगळता तो भोवतालच्या गल्ल्यांतही पसरतो. दुपारी एकच्या सुमारास आवराआवर सुरू होते आणि मग कितीही गोड बोललात तरी उपयोग होत नाही.

येथील सेवेबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण नवख्याला ती प्रथम तुसडी वाटते आणि ती तशी मुळीच नाही. ‘बाँझूर’ (नमस्कार) म्हटल्याशिवाय भाव विचारणे हा उद्धटपणा समजला जातो. फळांना हात लावून, दाबून, उलटसुलट करून पाहण्याची सोय बहुतेक गाळ्यांवर नाही. निवड विक्रेता करतो, पण निवडण्याआधी तो विचारतो की खरबूज आज खाणार की उद्या. चीजच्या गाळ्यावर तर ही विचारपूस अधिकच बारकाईने होते. माझ्यापुढे उभ्या असलेल्या आजीबाईंना एपोआस हवे होते. हे चीज पिकवताना त्याची साल द्राक्षाच्या चोथ्यापासून काढलेल्या ‘मार’ या मद्याने वारंवार धुतात, त्यामुळे वरून ते नारिंगी व चिकट होते आणि त्याचा दर्प चार पावलांवरून येतो. विक्रेतीने लाकडी डबी उघडली, अंगठ्याने मधोमध हलकेच दाबून पाहिले, मान हलवली आणि दुसरी डबी काढली, कारण आजीबाईंकडे पाहुणे रविवारी येणार होते. मागे रांग वाढत होती, तरी कोणी चुळबुळ केली नाही. प्रत्येकाला आपल्या पाळीला तेवढाच वेळ मिळणार असतो, ही खात्री असल्यावर घाई कशाला करायची?

शाकाहारी वाचकांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एपोआस, कोंते यांसारखी बहुतेक पारंपरिक फ्रेंच चीज वासराच्या जठरातील रेनेट हे दूध साकळवणारे द्रव्य वापरून बनवतात, त्यामुळे काटेकोर शाकाहार पाळणाऱ्यांनी गाळ्यावर स्पष्ट विचारून घ्यावे. दुसरे म्हणजे, मंडईतील तयार खाद्यपदार्थांत हॅम, गोगलगायी आणि मासे यांचेच राज्य आहे. चीज घातलेले पोकळ, खुसखुशीत ‘गुझेर’ सोडले तर गरम खाण्यासारखे फारसे काही मिळत नाही, आणि गुझेरातही अंडे असतेच. भाज्या मात्र उत्तम आहेत. भाव सुपरमार्केटपेक्षा चढे आहेत, पण टोमॅटोची चव पाहता ते मला खुपले नाहीत.

आता मोहरीविषयी, म्हणजे वाटलेल्या मोहरीच्या चटणीविषयी. ‘दिजाँ मस्टर्ड’ हे नाव पाककृतीचे आहे, गावाचे नव्हे. १९३७ च्या फ्रेंच नियमाने कृती ठरवून दिली, स्थळ नाही, त्यामुळे ती कुठेही बनवता येते. शहरातील मोठा कारखाना २००९ साली बंद पडला. बियाणे प्रामुख्याने कॅनडाहून येत असल्याने २०२१ मध्ये तिकडे दुष्काळ पडताच पुढच्या वर्षी फ्रान्समधील दुकानांची फडताळे मोहरीवाचून रिकामी झाली. बर्गंडीत पिकलेली मोहरी आणि तिथलीच पांढरी वाइन हवी असेल तर बरणीवर ‘मूतार्द द बूर्गोन्य’ हे संरक्षित नाव पाहून घ्यावे. र्यू द ला लिबेर्ते या मुख्य रस्त्यावरील ‘माय’ या मोहरी कंपनीच्या दुकानात ताजी मोहरी नळातून चिनीमातीच्या बरणीत भरून देतात. चव घेताच नाकात झिणझिण्या येतात, आणि लोणच्यासाठी मोहरी फेसणाऱ्या घरातल्या माणसाला ती ओळखीची वाटते; जात तीच, फक्त पाण्याऐवजी व्हिनेगर किंवा वाइन. आचेवर हा झणका उडून जातो (फोडणीतली मोहरी म्हणूनच नाकाला झोंबत नाही), तेव्हा ती पदार्थ उतरवल्यावरच घालावी. स्मरणवस्तू म्हणून विकल्या जाणाऱ्या चित्रविचित्र चवींच्या छोट्या बरण्यांपेक्षा साधी मोठी बरणी केव्हाही सरस.

मंडईचे वेळापत्रक हेच थोड्याफार फरकाने शहराचेही आहे. छोटी दुकाने दुपारी जेवणासाठी बंद होतात, रविवारी बहुतेक उघडतच नाहीत आणि कित्येक सोमवारीही सकाळभर बंद असतात. दुपारी दोननंतर उपाहारगृहात शिरल्यास स्वयंपाकघर बंद झाल्याचे नम्रपणे सांगण्यात येते, आणि मग संध्याकाळी सातपर्यंत पोटाला कॉफीवरच समजवावे लागते. हा मला या शहराचा खरा दोष वाटतो. लहान मुले किंवा मधुमेही सोबत असतील तर तो केवळ गैरसोयीचा राहत नाही. उलट जमेच्या बाजूही भक्कम आहेत. उपाहारगृहात नळाचे पाणी मागितल्यास सुरई विनामूल्य मिळते, २०१२ पासून धावणारी ट्राम स्वच्छ आहे आणि राजवाड्यातील कलासंग्रहालयाला प्रवेशशुल्क नाही.

मंडईत जायचे असेल तर शुक्रवार उत्तम. शनिवारी सगळे शहर तिथे लोटते. जायचेच झाल्यास नऊच्या आत पोहोचावे, कापडी पिशवी आणि थोडी रोकड जवळ ठेवावी, आणि रविवार-सोमवारची भाजी त्याच फेरीत घेऊन टाकावी.